आपल्या गावाचे पुस्तक



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक तरी पुस्तक असे असेल, की जे कोणत्याही ग्रंथविक्रेत्याकडे मागून मिळावयाचे नाही. त्याच्या मुखपृष्ठावर गावच्या देवळाचे शिखर असते, आतील पानांवर शुभसंदेश आणि देणगीदारांची छायाचित्रे असतात, आणि पुढे कोठे तरी, किराणा दुकानांच्या व सराफी पेढ्यांच्या जाहिरातींमध्ये अंग चोरून, आठदहा पानांचा ‘आमच्या गावाचा इतिहास’ बसलेला असतो. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचा सुवर्णमहोत्सव किंवा पतपेढीची पंचवीस वर्षे, असे काही निमित्त झाले म्हणजे ही स्मरणिका निघते. ती फारशी कोणी वाचीत नाही. परंतु रद्दीतही कोणी घालीत नाही. नोकरीसाठी भोपाळला किंवा बंगळूरला गेलेली कुटुंबे ती सामानात बरोबर नेतात. संपादनाच्या आणि अनुवादाच्या कामामुळे अशा स्मरणिका, तसेच गावांविषयी व तालुक्यांविषयी लिहिलेली हस्तलिखिते, आमच्या मेजावर वरचेवर येत असतात. शुभसंदेश वगळून आम्ही थेट ती आठदहा पाने उघडतो.

त्या पानांचा प्रारंभ बहुधा पांडवांपासून होतो. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधावयास घेतले, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिले, ही कथा इतक्या गावांनी आपापली म्हणून सांगितली आहे की, वनवासाची बारा वर्षे पांडवांना पुरली कशी याचेच नवल वाटावे. पुढल्या परिच्छेदात गाव शिवकालात येते, आणि त्याच्या पुढल्या परिच्छेदात ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहते. मधल्या काळात गावात कोण राहत होते, काय पिकवीत होते, पाणी कोठून आणीत होते, १९७२ च्या दुष्काळात कोण कोणत्या रस्त्यावर खडी फोडावयास गेले, तेथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो घरी कसा रांधला जाई, यांपैकी काही लिहिलेले नसते. ज्यांनी ती खडी फोडली त्यांतली काही माणसे आज सत्तरी ओलांडून त्याच गावात ओट्यावर बसलेली असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते.

गावाचे पुस्तक याहून वेगळे होऊ शकते, आणि मराठीत ते एकदा फार चांगले झालेलेही आहे. नारायण गोविंद चापेकर हे न्यायखात्यातील आपली चाकरी संपवून बदलापूर येथे राहावयास गेले. १९३३ साली त्यांनी त्या गावावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला: ‘आमचा गाव बदलापूर’. पुढल्याच वर्षी बडोदे येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कल्याण-कर्जत मार्गावरचे, उल्हास नदीकाठचे हे ठाणे जिल्ह्यातले गाव. तेथे कोणती मोठी लढाई झाली नव्हती, की कोणा राजाची राजधानी नव्हती. अशा गावात ग्रंथ लिहिण्याजोगे काय असणार, असा प्रश्न त्या काळी पुष्कळांना पडला असेल. चापेकरांनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे तो ग्रंथ. गावातील घरे, जाती, धंदे, शेती, चालीरीती, सणवार, बोली यांची त्यांनी न्यायाधीशाच्या चिकाटीने नोंद केली. पुरावा कितीही किरकोळ असो, तो दप्तरी लागलाच पाहिजे, ही न्यायालयात जडलेली सवय त्यांनी गावाच्या कामी आणली.

आज बदलापूर हे गाव राहिलेले नाही. मुंबईच्या लोकलगाड्यांनी त्याला शहराशी बांधून टाकले आहे, आणि २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत पावणेदोन लाखांच्या जवळपास माणसे मोजली गेली. इमारतींमध्ये राहणाऱ्या त्या कुटुंबांपैकी बहुतेकांचा चापेकरांच्या गावाशी काहीच पूर्वसंबंध नाही. तथापि, आपण राहतो त्या जमिनीवर नव्वद वर्षांपूर्वी काय होते हे त्यांतील कोणाला जाणून घ्यावेसे वाटले, तर ग्रंथालयात जाऊन ते जाणता येते. भोवतालच्या किती गावांविषयी असे म्हणता येईल? शेजारची गावेही त्याच वेगाने बदलली. त्यांना चापेकर भेटले नाहीत, एवढाच काय तो भेद.

याच जिल्ह्याची माहिती इंग्रजांनी गोळा केली नव्हती असे नाही. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे निघाली, त्यांत ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ सालचे आहेत. ते आजही उपयोगी पडतात, आणि त्यांतील परिश्रमांबद्दल आदरच वाटतो. परंतु ते कारभाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत. कोणती जात किती, कोणते पीक किती, कोणत्या बंदरातून काय जाते, हे ज्याला राज्य चालवावयाचे आहे त्याचे प्रश्न होत. चापेकरांचे प्रश्न तेथे घर करून राहणाऱ्याचे आहेत. त्यांच्याही आधी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले. मूळचे गोव्याचे असलेल्या या शिक्षकाने मुंबई शहर पायी हिंडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले. त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद होण्यास सुमारे दीड शतक लागले. तोवर मराठी न जाणणाऱ्या मुंबईकराला आपल्याच शहराचे ते वर्णन वाचता येत नव्हते. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे.

आता एका अवघड मुद्याकडे वळावयास हवे. गावाचे पुस्तक लिहितो कोण? बहुधा ज्याच्या घरी दोन पिढ्यांपासून लेखणी आहे तो. मग पुस्तकात दिसणारे गाव हे त्याच्या ओटीवरून दिसणारे गाव असते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील नोकरीमुळे आत्र्यांनी खेडी जवळून पाहिली होती. बलुतेदारी, वतने, गावात येऊन कुणब्याच्या खळ्यावर हक्क सांगणारे फिरस्ते, यांचे त्यांनी केलेले वर्णन मराठीत अजोड आहे. सुगीच्या दिवसांत एका कुणब्याच्या धान्याच्या राशीला किती हात लागतात, हे त्यांच्याइतके बारकाईने क्वचितच कोणी पाहिले असेल. परंतु बलुते घेणारा हात त्या वेळी काय अनुभवीत होता, हे त्यात वाचावयास मिळत नाही. ते वाचावयास मराठी वाचकाला १९७८ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. शब्द तोच, खेड्याची व्यवस्थाही तीच. पाहणारा मात्र महारवाड्यातला.

या दोन पुस्तकांच्या मधल्या त्रेसष्ट वर्षांत बरेच घडून गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला दिवसरात्र राबविले जाते आणि त्याचा मोबदला मात्र तुटपुंज्या इनामात व बलुत्याच्या भिकेत चुकता केला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. ही कनिष्ठ गाववतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. गावच्या इतिहासात या घटनेला स्थान नसेल, तर तो इतिहास अर्ध्या गावाचा होय. तरीही आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांपैकी फार थोड्यांत ती सापडते. ‘गावात सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतात’ हे वाक्य मात्र जवळजवळ प्रत्येकात असते. ते खरे असेल तर आनंदच आहे. परंतु विहीर सर्वांना कोणत्या वर्षी खुली झाली, ती कोणाच्या खटपटीने झाली, आणि त्या दिवशी काय घडले, एवढे त्याच्यापुढे लिहिले, तर वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसेल. अशी मागणी केली म्हणजे लेखक म्हणतात, “जुन्या गोष्टी कशाला उकरावयाच्या? गावात वाईटपणा येईल.” ही भीती खोटी नाही. गावात राहून गावाविषयी लिहावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पारावर जाऊन बसावयाचे, हे सोपे काम नव्हे. यावर आमचा उपाय साधा आहे. कोणाला दोष देऊ नये, नावानिशी बदनामी करू नये, पण घडलेली गोष्ट तारखेनिशी द्यावी. आणि ज्या वस्तीविषयी लिहावयाचे ती पाने त्या वस्तीतील माणसाकडूनच लिहवून घ्यावीत, त्याच्याच नावाने छापावीत.

राजेरजवाड्यांनी स्वतःचा इतिहास प्रसिद्ध करताना अशी पंचाईत कधी मानली नाही. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांपैकी जे तमिळनाडूत राहतात त्यांनी तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ पाहिले असेल. त्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसरे सरफोजी राजे यांच्या आज्ञेने १८०३ साली तो कोरला गेला. मराठी मुलखापासून इतक्या दूर, चोळांनी बांधलेल्या देवळात, इतका लांबलचक मराठी मजकूर दगडावर उभा आहे हे पाहून मन थक्क होते. एका अर्थी ते स्थानिक इतिहासाचे प्रकाशनच होय. त्याची प्रत एकच, परंतु ती फाटावयाची नाही. मात्र तो वंशाचा इतिहास आहे. राजांबरोबर आणि राजांमागून तंजावरास गेलेली जी साधी मराठी कुटुंबे होती, त्यांच्या घरी कोणती मराठी बोलली जाई, स्वयंपाकात चिंच केव्हा शिरली, लग्ने कोठे जुळत, हे त्या भिंतीवर नाही. तंजावर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या वाचकांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की आपली गल्ली, आपला वाडा, आपले गणेशमंडळ, आपल्या मराठीत मिसळलेली शेजारची भाषा, हाही पुस्तकाचा विषय आहे, आणि तो लिहावयास महाराष्ट्रातून कोणी येणार नाही.

पुस्तक न होताच गाव नाहीसे झाले तर काय होते, याचे उदाहरण पाहावयाचे असेल तर पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना इंदापूर तालुक्यात थांबावे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि नदीकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ एरवी जलाशयात असते. उन्हाळ्यात पाणी बरेच उतरले म्हणजे ते वर येते आणि लोक होडीने किंवा गाळातून चालत ते पाहावयास जातात. देऊळ निदान दिसते तरी. त्याच्या भोवतालच्या गावातील आळ्या, चावडी, ओढ्याकाठची शेते, त्या शेतांची नावे, ही कोणत्या पाण्यात शोधावयाची? शेताला नाव असते ही गोष्ट शहरातील मुलांना नवी वाटेल. परंतु प्रत्येक गावात ‘आंब्याचा मळा’, ‘पांढरीतले’, ‘माळावरचे’ अशी शेतांची नावे असतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बहुधा केवळ गट क्रमांक राहतो. विस्थापित होऊन नव्या वसाहतीत गेलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ती नावे आहेत, आणि त्यांच्याबरोबर ती जातील. धरणात, कारखान्याच्या किंवा महामार्गाच्या भूसंपादनात गेलेल्या गावाचा एखादा वाचक असेल, तर त्याने हे काम दिवाळीनंतरवर ढकलू नये.

दुसऱ्या भाषांतही हेच घडले आहे. सतीशचंद्र मित्र यांनी बंगालीत यशोहर आणि खुलना या जिल्ह्यांचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला भाग १९१४ साली आणि दुसरा १९२२ साली निघाला. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि हे जिल्हे पूर्व पाकिस्तानात गेले, १९७१ पासून ते बांगलादेशात आहेत. कोलकात्यात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना आपल्या आजोळच्या नदीचे नाव, गावच्या देवळाची आणि मशिदीची हकीकत वाचावयाची झाली, तर ती ज्या थोड्या पुस्तकांत मिळते त्यांत हे एक. आपण लिहितो आहोत तो मुलूख उद्या सीमेपलीकडे जाईल, अशी कल्पनाही मित्रांना नसावी. गुजरातीत झवेरचंद मेघाणी यांनी सौराष्ट्रातील खेडी पालथी घालून लोकांच्या तोंडच्या शौर्यकथा व प्रेमकथा मिळविल्या आणि १९२३ ते १९२७ या काळात ‘सौराष्ट्रनी रसधार’ पाच भागांत प्रसिद्ध केली. तेव्हाचे त्यांचे कामाचे ठिकाण राणपूर, म्हणजे एक लहानसे गाव. मोठ्या शहरातील प्रकाशकाची वाट पाहत ते बसले नाहीत.

आता थोडे अनुवादकाच्या बाजूने. आमचे अर्धे आयुष्य एका प्रांतातील गोष्ट दुसऱ्या प्रांतातील घरात नेऊन पोहोचविण्यात जाते, आणि अनुभव असा आहे की मोठ्या विचारांचे भाषांतर होते, मापांचे होत नाही. एखादा लेखक लिहितो, ‘सालगड्याला वर्षाकाठी अमुक पायल्या जोंधळे मिळत.’ पायली म्हणजे चार शेर, हे खरे; पण शेर कोणता? मापे गावोगाव निराळी होती, आणि शेजारच्या तालुक्यातील पायली आपल्या पायलीला उणी पडे. बिघ्याचेही तसेच. बंगालमधील बिघा सुमारे एक तृतीयांश एकराचा, तर उत्तर प्रदेशातील पक्का बिघा एकराच्या पाच अष्टमांशाइतका. लेखकाने ‘आमच्याकडील बिघा एवढ्या गुंठ्यांचा’ असे एकदाच सांगून ठेवले, तर लखनौच्या वाचकाचा गैरसमज टळतो, आणि खुद्द लेखकाच्या नातवाचाही टळतो. कारण त्या नातवाला गुंठाही समजेल की नाही, याची आता खात्री देता येत नाही.

शब्दांच्या बाबतीत आमचे म्हणणे थोडे हट्टाचे वाटेल. हस्तलिखित शुद्ध करण्याच्या भरात पुष्कळ लेखक गावचे शब्द काढून टाकतात. पडवी, माजघर, परसू, ढेळज, सोपा, बळद हे शब्द जाऊन तेथे ‘खोली’ येते. असे करू नये. पडवीत काय ठेवीत, ढेळजेत कोणी बसावे आणि कोणी बसू नये, बळदात धान्य कसे भरीत, हे सांगितले की शब्द आपोआप कळतो. शेवटी चार पानांचा शब्दकोश द्यावा. गावच्या बोलीतील शिव्यासुद्धा त्यात याव्यात असे आमच्या एका सहकाऱ्याचे मत आहे. घरगुती मासिकात त्यावर अधिक लिहिता येत नाही, पण त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

साधने कोठून आणावीत, असा प्रश्न येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुने कागद जमविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड उभे केले. १८९८ च्या पहिल्या खंडात पानिपतापर्यंतच्या अकराबारा वर्षांची पत्रे आहेत. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही या कामाच्याच पोटी. त्या धाटणीचे मोडी कागद आजही पुष्कळ घरांच्या माळ्यावर आहेत. एखाद्या कागदावर ‘सन इसन्ने खमसैन मया व अलफ’ असे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. अरबी अंकशब्दांत लिहिलेले हे सुहूर सन ११५२ होय. त्यात ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन १७५१ येते, आणि वर्षाचा उत्तरार्ध १७५२ मध्ये पडतो. शकात ७८ मिळवावेत, हे तर पंचांग पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

परंतु ज्या घरी मोडीचा चिटोराही नाही त्या घरीही साधने असतात. आहेराची वही घ्या. कोणत्या लग्नात कोणी किती दिले, हे परतफेडीच्या हिशेबासाठी लिहिलेले असते. त्याच वहीत कोणत्या वर्षापर्यंत पातेली व तांबे आले आणि केव्हापासून भिंतीवरची घड्याळे येऊ लागली, कोणत्या गावाशी सोयरीक होती आणि ती केव्हा तुटली, हे सारे सापडते. वाण्याची उधारीची वही, शाळेच्या दाखलखारिजाचे रजिस्टर, तमाशाच्या फडाचा किंवा भजनी मंडळाचा हिशेब, तालमीच्या भिंतीवरील चित्रे, ही सर्व साधने होत. दाखल रजिस्टरात पहिल्या मुलीचे नाव कोणत्या सालात आले ते पाहावे, आणि तिने शाळा कोणत्या इयत्तेत सोडली तेही.

बायकांची गोष्ट मात्र कागदावर कमी आणि जात्यावर अधिक होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत देव आहेत, भाऊ आहे, सासर आहे. तसेच पाऊस, सावकार, गिरणीत गेलेला नवरा आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. पिठाची गिरणी आली आणि जाते कोनाड्यात गेले. ओवी म्हणणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. गावाचे पुस्तक करणाऱ्या मंडळींमध्ये एखादी तरी स्त्री असावी, हे आम्ही सौजन्य म्हणून सुचवीत नाही. आजी जी गोष्ट नातसुनेला सांगेल, ती वही घेऊन आलेल्या गुरुजींना सांगणार नाही, हे व्यवहाराचे ज्ञान आहे. जे ऐकाल त्यापुढे कोणी सांगितले, तेव्हा तिचे वय काय होते, कोणत्या दिवशी सांगितले, हे लिहून ठेवावे. दोघांनी दोन प्रकारे सांगितले तर दोन्ही द्यावे. शिवाजी महाराजांच्या स्वारांनी येथे घोडे बदलले म्हणून बदलापूर हे नाव पडले, असे लोक सांगतात. ‘लोक असे सांगतात’ हे तीन शब्द पुढे जोडले की अशी कथा पुस्तकात सुखाने राहू शकते. आणि त्या न्यायाने पांडवांनाही आमची हरकत नाही.

राहता राहिली छपाई. तिला फार भिऊ नये. गावाच्या पुस्तकाला हजार प्रती लागत नाहीत. आता संगणकीय छपाईमुळे शंभर प्रतीही काढता येतात, आणि मागणी आली तर पुन्हा शंभर. एकोणिसाव्या शतकात मराठी ग्रंथकार आधी वर्गणीदार मिळवीत आणि ग्रंथाच्या अखेरीस त्यांची यादी छापीत. ‘ग्रंथाली’ने गेल्या शतकाच्या आठव्या दशकात वाचकांच्या आगाऊ पैशांवर पुस्तके काढण्याची चळवळ चालविली, ‘बलुतं’ हे त्यांच्याच प्रकाशनांपैकी एक. गावासाठी ही रीत उत्तम. घरटी एक प्रत ठरली, बाहेरगावी गेलेल्यांना पत्रे गेली, की खर्च निघतो, आणि जाहिरातींसाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. जाहिरातदार आले की त्यांचे छायाचित्र आले, आणि छायाचित्र आले की त्यांच्या आजोबांचे चरित्र आले. उरलेला पैसा गुळगुळीत कागदावर उधळू नये. साधा चांगला कागद, दोऱ्याने शिवलेली बांधणी, हाताने काढलेला का होईना पण विहिरी, ओढे व शेतांची नावे दाखविणारा नकाशा, आणि अखेरीस नामसूची, एवढे असावे. नामसूचीला लोक कंटाळतात. परंतु वाचणारा प्रत्येक जण प्रथम स्वतःच्या आजोबांचे नाव शोधतो. जुनी छायाचित्रे देताना मागच्या रांगेतील माणसांची नावेही मिळवावीत. पुढे खुर्चीवर बसलेल्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात.

आणि एक काम, जे जवळजवळ कोणी करीत नाही. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास तीस दिवसांच्या आत पाठवावयाची असते. तशीच एकेक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांसही. खासगीरीत्या काढलेले पुस्तक झाले म्हणून त्यातून सुटका नाही. आयएसबीएन हा ग्रंथक्रमांकही आपल्या देशात शासनाकडून विनामूल्य मिळतो. तो असला की सूचीत पुस्तक सापडते. एवढा टपालखर्च वाचविल्यामुळे कितीतरी गावांची पुस्तके त्या त्या गावाच्या वेशीबाहेर कधी गेलीच नाहीत. पुढे एखाद्या पुराने किंवा वाळवीने गावच्या वाचनालयातील प्रत नेली, आणि पुस्तक होते एवढीच आठवण राहिली. जिल्हा ग्रंथालयास, जवळच्या महाविद्यालयास आणि आपल्या जिल्ह्यावर संशोधन करणाऱ्या एखाद्या संस्थेसही प्रत द्यावी. पोचपावती मागून घ्यावी.

ज्या वाचकांकडे आपल्या गावाविषयी, शहरातील पेठेविषयी किंवा परप्रांतातील मराठी वस्तीविषयी छापलेले असे एखादे पुस्तक असेल, त्यांनी त्याचे नाव, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठसंख्या कार्डावर लिहून आमच्याकडे पाठवावी. मूळ प्रत टपालात घालू नये. कोणत्याही भाषेतील पुस्तक चालेल. पुढील अंकी घरातील मोडी कागद कसे उलगडावेत आणि वाळवीपासून कसे जपावेत, याविषयी लिहावयाचे आहे. तोवर ते उन्हात वाळवू नयेत.